नवी गादी अंगाला मानवली का? उन्हाळ्यात कळेल

भाऊ, तुमची अडचण थोडक्यात अशी: घर भुसावळला, होळीला ८ इंची मेमरी फोमची गादी आणली, १२ दिवस झाले. तुमचं वजन ८८, वहिनींचं ५२. वहिनी गाढ झोपतात, तुमची कंबर मात्र सकाळी धरलेली असते. दुकानदार म्हणतो अंगवळणी पडेल. परत करायची मुदत १०० रात्रींची. ठेवू की देऊन टाकू?

आधी १२ दिवसांत निकाल लावू नका. तुम्ही आजवर कापसाच्या गादीवर झोपत होतात. जुन्या कापसाच्या गादीत आपल्याच अंगाचा खळगा पडलेला असतो आणि पाठ त्याला सोकावलेली असते. सपाट गादीवर तिला दोन-तीन आठवडे परकं वाटणारच. आमच्या आजीला फोमवर झोपवलं, तर ती पहाटे खाली सतरंजीवर सापडायची. "झोप लागनी का माय?" विचारलं की नुसता हात हलवायची. तिला ती गादी शेवटपर्यंत मानवली नाही, ते वेगळं.

उठल्यावर चहा होईपर्यंत कंबर मोकळी होतेय आणि रोज थोडं कमी दुखतंय, तर थांबा. दुखणं वाढत चाललंय आणि सासुरवाडीला दोन रात्री झोपलात तर पाठ गप्प राहते, तर दोष त्या बिछान्याचाच. पायात कळ गेली, मुंग्या किंवा बधिरपणा आला, तर गादीची चर्चा बंद करून सरळ डॉक्टरांकडे जा.

घरच्या घरी एक तपासणी करा. दुकानात आपण गादीच्या काठावर बसतो, तळव्याने दाबतो आणि "छान आहे" म्हणतो. त्यातून काही कळत नाही. उताणे झोपा, पाच-दहा मिनिटं तसेच पडून राहा, मग कंबरेखालच्या पोकळीत हात घाला. हात भसकन आरपार गेला तर गादी तुम्हाला कडक पडतेय. हात खुपसून जागा करावी लागली तर बूड खाली रुतलंय, गादी मऊ पडतेय. किंचित घासत गेला तर ठीक. नंतर कुशीवर वळा आणि वहिनींना पाठीमागून फोटो काढायला सांगा. मानेपासून माकडहाडापर्यंत कणा साधारण सरळ रेषेत दिसला पाहिजे. तुमच्या वजनाला मऊ फोमवर तो मध्येच झोळीसारखा लोंबतो, असा माझा अंदाज. वहिनी ३६ किलोने हलक्या, त्या तेवढ्या रुततच नाहीत. म्हणून एकाच गादीवर दोन निकाल.

आता आपल्याकडची खरी गोम. मेमरी फोम उबेने मऊ होतो, थंडीत कडक. तुम्ही ती एसी लावलेल्या शोरूममध्ये पसंत केलीत. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो, रात्री भिंतीसुद्धा तापलेल्या असतात. शोरूममध्ये घट्ट वाटलेली गादी घरी शिऱ्यासारखी होईल, वर अंगाखाली गरम राहील ते वेगळंच. होळीला आणलीत म्हणजे मुदत जूनपर्यंत आहे, हे तुमचं नशीब समजा. अख्खा उन्हाळा परीक्षेत बसतोय. फक्त गच्चीवर खाट टाकून झोपाल त्या रात्री परीक्षेत धरू नका. दुकानदार मात्र त्याही मोजतो! आणि कापसाच्या गादीसारखी ही गादी उन्हात टाकू नका. उन्हाने फोम पिवळा पडून खराब होतो. सावलीत वारा लागू द्या.

पलंग तपासलात का? इथे मी स्वतः फसलोय. कंबर दुखते म्हणून चांगली गादी अर्ध्या किमतीत भाच्याला देऊन टाकली, नवी आणली, तरी दुखणं तिथेच. शेवटी गादी उचलून पाहिलं, तर बॉक्स-पलंगाचं पातळ प्लाय मधोमध बसलं होतं. खाली आडवी पट्टीच नव्हती. भाचा त्या गादीवर अजून मजेत झोपतो. तेव्हा गादी बाजूला करा, पलंगावर या कडेपासून त्या कडेपर्यंत सुतळी ताणून धरा आणि मध्ये किती फट पडते ती पट्टीने मोजा. मग दोन रात्री गादी जमिनीवर टाकून झोपा. पाठ सुटली, तर सुताराला बोलवा.

'ऑर्थोपेडिक' शिक्क्यावर विसंबू नका, तो शब्द कंपनी स्वतःच लावते. कडक तेवढी चांगली हेही खरं नाही. २००३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधला एक अभ्यास आला होता, जुन्या कंबरदुखीच्या ३१३ माणसांवरचा. ९० दिवसांनी कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालेलं होतं.

बदलायचीच वेळ आली, तर ७८ बाय ७२ ची अख्खी गादी न घेता ७८ बाय ३६ च्या दोन घ्या. तुमच्या बाजूला घट्ट, वहिनींच्या बाजूला हीच जात. मधली फट जाड चादरीखाली झाकते. लोक हसतील, हसू द्या.

तोवर गादीवर प्रोटेक्टर घाला. डाग पडला की परत घेताना कटकट करतात. बिलही जपून ठेवा. सुतळीचं माप आणि जमिनीवरच्या दोन रात्रींचा हिशोब इथे टाका, मग ठरवू.