युरोपातल्या कुरणात गवतावर दोन लांबट ढेकूण मिळाले, एक हिरवा, एक गवती पिवळा. दोन्ही स्टेनोडेमा (गवतावर राहणाऱ्या ढेकणांची एक प्रजाती, म्हणजे genus) का, आणि त्यातल्या जाती (species) वेगळ्या का?

रंगावरून काहीच ठरवू नका. स्टेनोडेमा लेव्हिगाटाचे प्रौढ शरद ऋतूत सुकल्या गवताच्या रंगाचे असतात आणि हिवाळा काढून वसंतात तेच हिरवे होतात. तुमचे दोन्ही एकाच जातीचेही असू शकतात.

आधी प्रजाती पक्की करा. 10 पट भिंगातून मानेमागचं कवच, म्हणजे अग्रवक्ष, बघा. स्टेनोडेमात त्यावर बारीक खळगे दाटीने टोचल्यासारखे दिसतात. नोटोस्टिरा ही दुसरी प्रजाती दिसायला अगदी जवळची, पण तिच्यात असे खळगे नसतात, आणि गफलत बहुतेक इथेच होते. ऋतूचीही मदत घ्या: स्टेनोडेमाचे नर-मादी दोन्ही प्रौढावस्थेत हिवाळा काढतात, नोटोस्टिराच्या फक्त माद्या, तर लेप्टोप्टेर्ना आणि मेगॅलोसेरिया या गवतावरच्या आणखी दोन प्रजाती अंड्यांच्या रूपात. म्हणून एप्रिलच्या सुरुवातीला प्रौढ नर मिळाला, तर स्टेनोडेमाची शक्यता बरीच वाढते.

आता जात. मागच्या पायाच्या मांडीची खालची कड, गुडघ्याजवळ, नीट तपासा. दोन काटे (एक मोठा, एक लहान) असतील तर कॅल्कराटा, तीन असतील तर ट्रायस्पिनोसा. लहान काटा सहज नजरेतून सुटतो, म्हणून दोन्ही पाय बघा. काटेच नसतील तर लांबी मोजा: सुमारे 8 ते 9 मिमी असेल तर बहुधा लेव्हिगाटा, 6 मिमीच्या आसपास असेल तर बहुधा होल्साटा. पंख अपुरे असतील तर ते पिल्लू आहे, ही मापं त्याला लावू नका.

फोटो वरून काढलात तर मांडी पोटाखाली झाकली जाते आणि ओळख तिथेच अडते. ढेकूण काचेच्या नळीत घालून 10 मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. सुस्त झाला की पांढऱ्या कागदावर आडवा करून बाजूने फोटो घ्या. पायाला धरून उचलू नका, पाय तुटला तर ओळखीची खूणच गेली.

आणखी नमुने हवे असतील तर दव वाळल्यावर जाळी फिरवा. ओलं गवत जाळीला चिकटतं आणि हे नाजूक किडे त्यात चिरडतात. लोंब्यांच्या उंचीवर फिरवा, कारण गवताची फुलं आणि कोवळे दाणे यांचा रस त्यांना विशेष आवडतो.