नागपूरजवळच्या कोराडीत आधीच एवढे मोठे कोळशावरचे वीजकेंद्र आहे, मग 660 मेगावॉटचे आणखी दोन संच पुन्हा तिथेच का?

मी कोराडीत कधी नोकरी केली नाही. दुसऱ्या एका औष्णिक केंद्रात 210 मेगावॉटच्या संचावर डेस्क ऑपरेटर होतो, म्हणजे कंट्रोल रूममध्ये बसून संच चालवायचो, त्यामुळे आतल्या बाजूने जे दिसते ते सांगतो.

बाहेरून चिमणी आणि कुलिंग टॉवर दिसतात. पण जागा ठरते ती रेल्वे, पाणी, राख टाकायची जमीन आणि वीज बाहेर नेणाऱ्या वाहिन्या यांवर. हिशोब करून पाहा. 660 चा एक संच पूर्ण भाराने चालला की तासाला 400 टनांच्या आसपास कोळसा खातो. दिवसाचे झाले साडेनऊ-दहा हजार टन. एका रेकमध्ये, म्हणजे एका अख्ख्या मालगाडीत, चार हजार टनांच्या आतबाहेर कोळसा येतो, म्हणजे एकट्या संचाला रोज अडीच रेक. आपल्या कोळशात राखच 35-40 टक्के, तेव्हा त्यातले साडेतीन हजार टन पुन्हा कुठेतरी नेऊन टाकायचे. हे सगळे कोऱ्या माळरानावर उभे करायचे म्हटले तर भूसंपादनातच वर्षे जातात. कोराडीत पहिला संच 1974 मध्ये सुरू झाला, तेव्हापासून ही घडी बसलेली आहे.

पाण्याचे तर मला कौतुकच वाटते. पेंच धरणाचे पाणी आहेच, शिवाय नागपूरचे सांडपाणी भांडेवाडीला शुद्ध करून कोराडीच्या संचांसाठी देण्याची योजना झाली, रोज 13 कोटी लिटरची. तुम्ही नागपूरचे असाल तर तुमच्या मोरीतले पाणी कोराडीच्या टॉवरवरून ढग होऊन जात असेल!

आता यंत्राचे. कोराडीचे सुरुवातीचे चार संच 120 मेगावॉटचे होते, मग 200 आणि 210 चे आले. 2015 ते 2017 या काळात 660 चे तीन सुपरक्रिटिकल संच सुरू झाले, म्हणजे 1980 मेगावॉट. आमच्या 210 च्या बॉयलरला वर एक ड्रम असतो, त्यात पाणी आणि वाफ वेगळी होते. माझी निम्मी नोकरी त्या ड्रमची लेव्हल बघण्यात गेली. काटा वीस-तीस मिलिमीटर सरकला की चहाचा कप खाली. लेव्हल फार पडली तर संच ट्रिप, म्हणजे आपोआप बंद, आणि मग रात्रभर लाइटअप, म्हणजे बॉयलर पुन्हा पेटवत बसा. सुपरक्रिटिकलमध्ये दाब 221 बारच्या वर नेतात. तिथे पाणी आणि वाफ हा भेदच उरत नाही, म्हणून ड्रमही नसतो. पहिल्यांदा तसल्या संचाचा डेस्क पाहिला तेव्हा माझी नजर सवयीने ड्रमचा काटाच शोधत होती. फायदा असा, की तेवढ्याच विजेला कोळसा कमी लागतो. म्हणून जुने काढून नवे बसवणे इंजिनिअरला पटते, मलाही पटते.

पण जी सोय केंद्राची, तीच अडचण गावाची. शेजारी खापरखेड्याचे 1340 मेगावॉट आहेतच, त्यात हे 1320 वाढणार. मे 2023 मध्ये कोराडीला जनसुनावणी झाली तेव्हा विरोध झाला, प्रकल्प जिल्ह्यातल्याच पारशिवनीकडे न्या अशीही मागणी होती. त्याच्या आदल्या वर्षी, जुलै 2022 मध्ये, मुसळधार पावसात कोराडी केंद्राची राख साठवणारा खसाळ्याचा राख बंधारा फुटला होता आणि राखेचा चिखल शेतांत, नाल्यांत शिरला होता. लोक ते एवढ्यात कसे विसरतील? आमच्या वसाहतीतसुद्धा बायका वाऱ्याची दिशा बघून कपडे वाळत घालायच्या, आणि आम्ही तर केंद्राच्याच पगारावर जगणारे.

त्यामुळे ‘तिथेच का’ याचे माझे उत्तर: तिथे स्वस्त आणि लवकर होते म्हणून. पुढच्या सुनावणीला जाणार असाल तर जागेवरून भांडण्यापेक्षा तीन गोष्टी लेखी मागा. जुना 210 चा संच कोणत्या तारखेला बंद करणार, धुरातला सल्फर काढणारी एफजीडी यंत्रणा कोणत्या संचाला कधी लागणार, आणि रोजची राख सिमेंटला आणि विटांना किती, बंधाऱ्यात किती. तिसऱ्याचे उत्तर टनांत घ्या. टक्केवारी सांगायला लागले तर समोरच्या कागदावर गुणाकार करून दाखवा, आकडे वर दिलेच आहेत.