पेपरात रुग्ण मोजकेच, मग घराघरात खोकला कसा?

तुमचा प्रश्न असा की पेपरात नागपुरातले स्वाइन फ्लूचे रुग्ण मोजकेच दिसतात अन् इकडे प्रत्येक घरात कोणी ना कोणी खोकलून राहिलं, मग आकडे दाबतात का आणि लस घ्यायची तर कधी. मी डॉक्टर नाही भाऊ, मानेवाड्याकडे मेडिकल स्टोअर आहे माझं, काउंटरवरून जे दिसते ते सांगतो.

दाबायचं काही नाही, बहुतेकांची टेस्टच होत नाही, आणि तसा नियमच आहे. सरकारनं पेशंटचे अ, ब, क असे गट केलेत. साधा ताप-खोकला असला तर अ, ताप जास्त किंवा पेशंट गरोदर, म्हातारा, शुगरवाला असला तर ब, अन् दम लागणं, छातीत दुखणं, नखं निळी पडणं हे क. घशाचा स्वॅब मुख्यतः क वाल्यांचाच घेतात, म्हणजे मेडिकल, मेयो या आपल्या सरकारी दवाखान्यांत भरती होण्याइतका झाला तोच पेपरात येते. बाकीचे माझ्याकडून सिरप घेऊन घरी झोपतात, ते कुठंच लिहिल्या जात नाहीत. तसं २०२१ पासून देशभराचं ऑनलाइन पोर्टल आहे, त्यात आशाताई-नर्सबाई लक्षणं टाकतात, डॉक्टर अंदाजाचं निदान अन् लॅबवाले पक्का रिपोर्ट, पण गल्लीतल्या ज्या दवाखान्यात संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते तिथला डॉक्टर पेशंट पाहील की फॉर्म भरील? त्यामुळे तो आकडा किती लोक आजारी हे मोजायला धरू नका, साथ चढून राहिली की उतरून आणि कोणता व्हायरस फिरून राहिला एवढंच त्यातून समजते. जानेवारी २०२५ मध्ये एचएमपीव्ही या सर्दी-खोकल्याच्या व्हायरसचा केवढा गाजावाजा झाला, लोक मास्कचे डबेच्या डबे घेऊन गेले, अन् तो व्हायरस २००१ लाच नेदरलँडमध्ये सापडलेला, आपल्या लेकरांना आधीही होतच असेल, टेस्ट कोण करत होतं.

आपल्याकडे फ्लू दोनदा चढते, एक जानेवारी ते मार्च अन् दुसरा पावसाळ्यात-पावसाळ्यानंतर. पोळ्याच्या पाडव्याला मारबतीच्या पुतळ्याच्या मिरवणुकीत आपण "खोकला घेऊन जा गे मारबत" ओरडतो नं, नेमका तेव्हाच खोकल्याचा सीझन असते, आणि त्या गर्दीत एकमेकांच्या तोंडावर ओरडून मारबतीला द्यायचा तो खोकला आपणच वाटून घेतो 😄

लस दरवर्षी घ्यावी लागते कारण व्हायरस रूप बदलते, असर यायला दोनेक आठवडे लागतात, म्हणून पाऊस लागायच्या आधी घेतलेली बरी. घरात साठीच्या वरचे, दमा-शुगरवाले, गरोदर बाई असेल तर डॉक्टरला आधी तेच विचारा. आणि टॅमीफ्लू ही फ्लूवरची गोळी पहिल्या ४८ तासांत सुरू झाली तर जास्त कामाची, पण चिठ्ठीशिवाय मागू नका. अॅझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचंही तेच, व्हायरसवर ती चालतच नाही तरी रोज दहा जण "ती तीन दिवसवाली गोळी द्या" म्हणतात अन् नाही म्हटलं की बाजूच्या दुकानात जातात.

लस २ ते ८ डिग्रीत ठेवावी लागते, त्यामुळे दुकानातून घेतली तर बर्फाच्या पॅकसोबत सरळ डॉक्टरकडे न्या, गाडीच्या डिक्कीत टाकून बर्डीच्या बाजारात फिरत बसू नका, मे महिन्यातलं आपलं ऊन माहीत आहे नं.