केबलचे बिल इतके का वाढले आणि केबल बंद करावी का? एका माजी केबलचालकाचे उत्तर

आपण विचारले आहे की, २००० साली महिन्याला १०० रुपयांत सगळ्या वाहिन्या दिसत होत्या आणि आज ४५० रुपये द्यावे लागतात, तर मधले पैसे कोणाच्या खिशात जातात. केबल बंद करून मोबाइलवरच्या सेवा घ्याव्यात का. आणि महिना अर्धा झाल्यावर बंद केल्यास उरलेले पैसे परत मिळतात का. याच्या शेवटी "केबलवाले लुटतात हे तर सगळ्यांनाच माहीत आहे" असेही आपण लिहिले आहे. मी हे उत्तर त्या शेवटच्या वाक्यामुळे लिहीत आहे. १९९४ ते २०२१ अशी सत्तावीस वर्षे मी सांगलीत गावभाग आणि खणभाग या जुन्या वस्तीत केबलचालक होतो, आणि हेच वाक्य मी माझ्या थोरल्या बंधूंच्या तोंडून, भर संक्रांतीच्या दिवशी, पाहुण्यांसमोर ऐकलेले आहे.

आधी आपल्या १०० रुपयांचा हिशेब करू. दरवर्षी ६ टक्के महागाई धरली, तर २००० सालचे १०० रुपये २५ वर्षांनी ४२९ रुपये होतात. म्हणजे आपण ज्याला लूट म्हणता ती या हिशेबाने २१ रुपयांची आहे. शिवाय ४५० ही रक्कम करासह असेल, तर त्यातले ६८ रुपये ६४ पैसे जीएसटीचे आहेत.

पण खरी गोष्ट याहून वेगळी आहे आणि ती केबलवाले सहसा सांगत नाहीत. तेव्हाची स्वस्ताई खरी नव्हतीच. मी व्यवसाय सुरू केला तेव्हा बहुतेक वाहिन्या फुकट मिळत असत. गच्चीवर मोठी डिश, खोलीत रिसीव्हर आणि मॉड्युलेटर, आणि तिथून गच्चीवरून गच्चीवर टाकलेली वायर, एवढाच संसार होता. मी घरटी ६० रुपये घेत असे आणि ते जवळजवळ सगळे माझेच असत. पुढे एकेक वाहिनी पैसे मागू लागली. माझ्याकडे पहिला डीकोडर, म्हणजे पैसे भरलेल्या वाहिनीचे बंद चित्र उघडणारा डबा, आला तो क्रीडावाहिनीचा. वाहिनीला पैसे द्यायचे ते घरांच्या संख्येवर, आणि घरे किती हे सांगणार आम्हीच. माझी ६४० घरे होती आणि मी कागदावर १५० दाखवत असे. कंपनीचा माणूस वर्षातून एकदा येई, गच्चीवर चहा होई, थोडी घासाघीस होई आणि तो १५० चे १७० करून जाई. त्यालाही ठाऊक असे, मलाही ठाऊक असे. करमणूक करसुद्धा त्याच बेताने भरला जाई. आपल्याला १०० रुपयांत सगळे दिसत होते ते या खोट्या आकड्यांच्या जोरावर. त्यातला काही लाभ मी खाल्ला, काही ग्राहकांनी, आणि मी ते लपवत नाही.

हे संपले ते सेट टॉप बॉक्समुळे. मुंबई, दिल्ली, कोलकात्यात बॉक्सची सक्ती २०१२ साली झाली, पुणे-सोलापूरसारख्या शहरांत मार्च २०१३ मध्ये, आणि आमच्यासारख्या उरलेल्या शहरांसाठी ३१ डिसेंबर २०१५ ही मुदत ठरली. प्रत्येक बॉक्सला क्रमांक आला आणि तो आम्हाला सिग्नल पुरवणाऱ्या वरच्या कंपनीच्या संगणकात दिसू लागला. ६४० घरे म्हणजे ६४० घरे. माझी गच्चीवरची डिश उतरली, सिग्नल फायबरवरून मोठ्या कंपनीकडून येऊ लागला, आणि मालक होतो तो मी वसुली करणारा आणि तुटलेली वायर जोडणारा झालो. दर मात्र मी एकदम वाढवू शकलो नाही, कारण माणसे ओळखीची. २०१८ साली मी इतरांकडून २५० आणि दादाकडून, घरचे म्हणून, २०० रुपये घेत होतो.

त्याच वर्षाच्या अखेरीस ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, नवे दरपत्रक लागू झाले. जे पाहाल त्याचेच पैसे द्या, असा त्याचा सगळीकडे गाजावाजा होता. माझे बंधू बँकेतून निवृत्त झालेले, आकड्यांचे पक्के आणि वर्तमानपत्रावर संपूर्ण विश्वास ठेवणारे. संक्रांतीला मी गावभागातल्या जुन्या घरी आईच्या पाया पडायला गेलो. वहिनींनी तिळगूळ हातावर ठेवला आणि "गोड बोला" म्हणून त्या आत वळल्या, तोच दादांनी घडी घातलेले वर्तमानपत्र माझ्यासमोर टाकले. "आता सरकारनेच तुमची चोरी पकडली आहे. आम्ही दहा वाहिन्या बघतो आणि तू आम्हाला तीनशे वाहिन्यांचे पैसे लावतोस. केबलवाले लुटतात हे मला माहीत होते. घरचा माणूससुद्धा लुटतो हे आज कळले." ओसरीवर त्यांचे दोन व्याही बसले होते. मी तिळगूळ तसाच खिशात टाकला.

मी त्यांना एवढेच म्हणालो की, दादा, तुम्ही स्वतः अर्ज भरा, मी शब्द बोलत नाही. चार दिवसांनी मी वाहिन्यांची यादी आणि कोरा अर्ज घेऊन गेलो. वहिनींच्या वाहिन्या ठरवायला अर्धा तास लागला (हा शब्दांचा खेळ आमच्या घरात अजून चालतो), नातवाला क्रिकेट हवे होते, दादांना बातम्या आणि जुने हिंदी चित्रपट. यादीत मराठी, हिंदी, खेळ अशा ज्या वाहिन्यांना घरोघरी मागणी होती त्यांच्यापुढे बहुतेक १९ रुपये असा आकडा होता. हा आकडा योगायोगाने आलेला नव्हता. ज्या वाहिनीची किंमत १९ रुपयांपेक्षा जास्त असेल तिला पॅकमध्ये, म्हणजे अनेक वाहिन्यांच्या एकत्र संचात, घालता येणार नाही असा नियम होता, म्हणून ज्यांना मागणी होती त्यांनी नेमकी ती कमाल किंमत लावली. आणि सुट्या वाहिन्या महाग ठेवून पॅक स्वस्त ठेवला, म्हणजे माणूस मुकाट्याने पॅक घेतो. मी दादांना पॅक सुचवला. ते म्हणाले, "पॅक म्हणजेच लूट. मला हव्या तेवढ्याच नऊ वाहिन्या टाक."

त्या नऊ वाहिन्यांचा हिशेब माझ्या वहीत अजून आहे. पहिल्या १०० वाहिन्यांची जोडणी म्हणून नियमाने ठरलेले १३० रुपये. पाच वाहिन्या १९ रुपयांच्या, म्हणजे ९५. उरलेल्या चार मिळून २८. बेरीज २५३, त्यावर १८ टक्के जीएसटी ४५ रुपये ५४ पैसे, एकूण २९८ रुपये ५४ पैसे. दादांनी स्वतःच्या हाताने तीन वेळा बेरीज केली. लुटारू भाऊ तीनशे वाहिन्यांचे २०० रुपये घेत होता आणि निवडीच्या स्वातंत्र्याचे जवळजवळ ३०० झाले.

आता आपला मुख्य प्रश्न, पैसे कोणाच्या खिशात गेले, त्याचे उत्तर याच २९८ रुपयांत आहे, म्हणून ते फोडून सांगतो. कराचे ४५.५४ सरकारकडे. वाहिन्यांच्या १२३ रुपयांपैकी ८० टक्के, म्हणजे ९८.४० रुपये, वाहिन्यांच्या मालकांकडे. जोडणीचे १३० आणि वाहिन्यांच्या पैशांतली उरलेली, वितरणाची २० टक्के रक्कम, यांची वाटणी वेगळा करार नसेल तर वरच्या कंपनीला ५५ आणि स्थानिक केबलचालकाला ४५ अशी होती. त्यानुसार वरच्या कंपनीला ८५.०३ आणि मला ६९.५७ रुपये. त्या ६९ रुपयांत दोन पोरांचे पगार, विजेचे बिल, अ‍ॅम्प्लिफायर, नोड (फायबरवरचा सिग्नल वायरीत उतरवणारे डबे) आणि रात्री अकराला "चित्र गेले" म्हणून येणारे फोन बसवायचे. आपल्या दारात येतो, शिव्या खातो, त्याच्या हातात, कर सोडला तर, उरलेल्या तिघांत सगळ्यांत कमी राहते. हे मी दादांना कागदावर मांडून दाखवले. ते म्हणाले, "हे तू सांगतोस."

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला. कृष्णेचे पाणी गावभाग, खणभाग, मारुती चौक असे सगळीकडे शिरले, खांबांवरचे नोड आणि घरांतले बॉक्स दोन्ही गेले. व्यवहार तोवर प्रीपेड झाला होता, म्हणजे वरच्या कंपनीकडे मी आधी पैसे भरायचे आणि मग घरोघर मागायचे. ज्या घरात गाळ आहे तिथे वही घेऊन जाणे मला जमले नाही. त्या महिन्याचे पैसे मी कोणाकडेच मागितले नाहीत. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी आले, तेव्हा मी जोडण्या दुसऱ्याला विकून मोकळा झालो.

नंतर दर कसे वाढले ते थोडक्यात सांगतो. २०२० साली त्याच १३० रुपयांत २०० वाहिन्या देण्याची सक्ती झाली आणि पॅकमधल्या वाहिनीची कमाल किंमत १२ रुपयांवर आणली गेली. त्यावर वाहिन्या मुंबई उच्च न्यायालयात गेल्या, आणि शेवटी नोव्हेंबर २०२२ मध्ये मर्यादा पुन्हा १९ रुपये झाली. जुलै २०२४ मध्ये जोडणीच्या शुल्कावरची कमाल मर्यादाच काढून टाकण्यात आली. आणि या सगळ्यांच्या वर क्रिकेट आहे. आयपीएलचे २०१८ ते २०२२ या पाच वर्षांचे प्रसारणहक्क १६,३४७ कोटी ५० लाखांना गेले होते. पुढच्या पाच वर्षांचे ४८,३९० कोटींना गेले. हे पैसे कोणीतरी भरणारच, आणि ज्या घरात कोणी क्रिकेट पाहत नाही, त्या घरातल्या आजींच्या पॅकमध्येही बहुधा एक क्रीडावाहिनी असते. पैसे देऊन घेतलेल्या वाहिनीवर पुन्हा जाहिराती का पाहायच्या, हा प्रश्न आपण विचारला नाही, पण विचारायला हवा होता. माझ्या मते तो एकच प्रश्न खरा आहे.

केबल बंद करून मोबाइलवरच्या सेवा घ्याव्यात का? दादांनी तेच केले. दोन महिने २९८ रुपये भरून त्यांनी स्वतःची डिश लावली, वर्षभराने ती काढून फायबरचे इंटरनेट घेतले, आणि पुण्याच्या मुलाने त्यावर एकेक वर्गणी चढवत नेली. अ‍ॅमेझॉन प्राइम भारतात २०१६ साली वर्षाला ४९९ रुपयांत आले, मग ९९९ झाले आणि डिसेंबर २०२१ पासून १,४९९ आहे. त्यावरच्या चित्रपटांत आता जाहिरातीही येतात. आयपीएल २०२३ साली मोबाइलवर फुकट दाखवली, माणसांना सवय लावली आणि २०२५ साली वर्गणी लावली. यात नवे काही नाही, आमच्या धंद्यात १९९५ साली हेच झाले होते. एवढे मात्र खरे की नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१ मध्ये आपले दर कमी केले होते. आज इंटरनेट धरून दादांचे महिन्याला ११०० रुपयांच्या वर जातात. ते पैसे खात्यातून आपोआप वळते होतात, दारात कोणी वही घेऊन उभा राहत नाही, म्हणून त्याला ते लूट म्हणत नाहीत.

तेव्हा माझा सल्ला असा की आधी घरात कोण काय पाहते ते आठवडाभर लिहून काढा. मालिका पाहणारे एकच माणूस असेल तर एका मराठी वाहिनीसमूहाचा पॅक आणि फुकट वाहिन्या एवढेच ठेवा, क्रीडावाहिन्या काढायला सांगा आणि काढल्यावर पावती मागा. आपल्याला काहीच द्यायचे नसेल तर दूरदर्शनच्या फ्री डिशला महिन्याचे शुल्क नाही. एकदा डिश आणि बॉक्सचा खर्च केला की संपले. त्यावर सह्याद्री दिसते, परंतु ज्या मालिकांसाठी घरात भांडणे होतात त्या प्रमुख मराठी वाहिन्या त्यावर नसतात. घरात सत्तरीच्या पुढची व्यक्ती असेल तर केबल तोडू नका. दादांनी तोडली तेव्हा आईला आपली मालिका रिमोटवरची कोणती बटणे दाबून लावायची हे शेवटपर्यंत समजले नाही. ती दुपारी माझ्या घरी येऊन बसत असे. मला त्यात आनंदच होता, पण दादांना हे एकदा सांगायचे राहून गेले आहे.

हेही नमूद करायला हवे की मी २०२१ सालीच या व्यवसायातून बाहेर पडलो आहे, त्यामुळे आपल्या भागातले आजचे नेमके दर आपल्या चालकाकडूनच घ्यावेत. पावती न देणारे, न मागितलेला पॅक माथी मारणारे केबलचालकही आहेत आणि त्यांची बाजू मी घेत नाही. मी स्वतः वीस वर्षे १५० घरे दाखवत होतो, तेव्हा दादा सर्वस्वी चुकीचे होते असेही मला म्हणता येणार नाही. फक्त ते ज्या वर्षी म्हणाले त्या वर्षी ते चुकीचे होते.

राहिला अर्ध्या महिन्याचा प्रश्न. आता आधी पैसे आणि मग चित्र असा व्यवहार असल्याने सोपा मार्ग म्हणजे भरलेली मुदत संपेपर्यंत पाहावे आणि पुढचे पैसे भरू नयेत. बॉक्सची अनामत दिली असेल तर बॉक्स परत करताना पावती दाखवून ती मागावी. पूर्वी महिना संपल्यावर पैसे मिळत, त्यामुळे मध्येच बंद करणाऱ्याचे पैसे चालकाच्या अंगावर पडत. जानेवारी २०१९ चे दादांचे २०० रुपये माझ्या वहीत अजून येणे आहेत.