अडकलेले खेळाडू आणि अर्धी गोष्ट

प्रिय,

तुझं पत्र काल रात्री वाचलं, आज सकाळी परत वाचलं. तुझ्या ॲडव्हेंचर गेमचा पहिला भाग येऊन ११ दिवस झाले, ४३ रिव्ह्यू आले आणि ते तू इतक्यांदा वाचलेस की तुला पाठ झालेत. त्यांतून निघालेली ती यादीही पाहिली. कोडी सोपी करायची, नावाड्याच्या पात्राला परत आणायचं, शेवट बदलायचा कारण तो दोघातिघांनी ओळखलाय, आणि दुसरा भाग दीड तासावरून तीन तासांवर न्यायचा. यादीला मी हसलो नाही. अशी यादी मीही एकदा केली होती, ती इमानेइतबारे पाळली, आणि माझ्या गेमचा तिसरा भाग कुणालाच आवडला नाही. ज्यांनी ते बदल मागितले होते त्यांनाही नाही.

तेव्हा मला जे उशिरा कळलं ते तुला आधीच सांगतो. कोड्यांबद्दल लोक बोलतात ते लगेच मनावर घे. गोष्टीबद्दल बोलतात ते वहीत उतरवून ठेव आणि वही मिटून टाक. पहिल्या भागातलं कोडं ही पुरी झालेली वस्तू आहे. खेळणारा त्याच्याशी झगडला, ते सुटलं किंवा नाही सुटलं, त्याचं म्हणणं अनुभवाचं आहे. गोष्ट मात्र त्याने अर्धीच पाहिली. उरलेली अर्धी फक्त तुझ्या डोक्यात आहे, आणि तिच्याविषयी तो अंदाजाने बोलतो.

मनावर घे म्हणजे सांगतील तसं कर असं मात्र नव्हे. कुठे दुखतंय ते लोकांना नेमकं कळतं. का दुखतंय ते सांगताना ते हमखास चुकतात. माझ्या पहिल्या गेमवर सात जणांनी लिहिलं होतं, मधला भाग रटाळ आहे. मी दोन संवाद कापले, एक खोली काढून टाकली, तरी तक्रार तीच. शेवटी ओळखीच्या एका बाईंना खेळायला बसवलं आणि मागे उभा राहिलो. त्या २५ मिनिटं चार खोल्यांत येरझाऱ्या घालत होत्या. किल्ली भिंतीवरच टांगलेली होती, पण शेजारच्या चित्राच्या चौकटीत ती इतकी मिसळून गेली होती की त्यांना सजावट वाटली. खेळ आटोपल्यावर म्हणाल्या, 'छान आहे हो, मध्ये जरा लांबतं.' किल्लीचं नावसुद्धा नाही. जी वस्तू दिसलीच नाही तिची तक्रार माणूस करणार कशी? किल्लीवर थोडा उजेड टाकला, कापलेले संवाद परत घातले, आणि रटाळपणा गेला.

तुझ्या ४३ पैकी १४ जणांनी साखळीच्या कुलपाचं नाव घेतलंय. काल मी तो भाग पुन्हा खेळलो. उत्तर चांगलं आहे, कंदील टांगायचा आकडा, म्हणजे हूक, काढायचा आणि कुलपात घालायचा. पण सुरुवातीला कंदिलावर क्लिक केलं की तुझी नायिका म्हणते, 'विझलेल्या कंदिलाचा काय उपयोग!' वाक्य झकास आहे, तिच्या तिरकस स्वभावाला शोभतं, आणि तेच घात करतं. पॉइंट-अँड-क्लिकमध्ये, म्हणजे वस्तूंवर क्लिक करत खेळायच्या गेममध्ये, पात्राच्या तोंडचं वाक्य खेळणारा नियम म्हणून ऐकतो. तिने कंदील निकामी ठरवला, त्यानेही तो डोक्यातून काढून टाकला. पुढे आणखी वाईट होतं. कुणी अख्खा कंदीलच कुलपावर वापरून पाहिला, म्हणजे उत्तराच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहिला, तर त्याला 'हे जमणार नाही' एवढंच ऐकू येतं. कुलपावर मासा वापरणाऱ्यालाही तेच. जवळ आलेला आणि भरकटलेला, दोघांना एकच उत्तर! 'कंदील आत जाणार नाही, पण हा आकडा...' असं काहीतरी तिला म्हणू दे. त्याने कोडं सोपं होत नाही. खेळणाऱ्याला एवढंच कळतं की आपण वेडे नाही.

हे काम कंटाळवाणं आहे, मला माहीत आहे. २० वस्तू आणि ३० हॉटस्पॉट (क्लिक करता येणाऱ्या जागा) म्हटले की ६०० जोड्या होतात आणि ६०० वाक्यं कुणीच लिहीत नाही. पण त्यांतल्या पन्नासेक जोड्या लोक खरोखर करून पाहतात. त्या कोणत्या, हे तुला घरी बसून सुचणार नाही. प्लेटेस्टच्या वेळी, म्हणजे लोकांना चाचणीसाठी खेळायला बसवशील तेव्हा, फसलेल्या जोड्यांची नोंद गेमलाच ठेवू दे. तीच यादी सगळ्यात मोलाची प्रतिक्रिया, कारण ती लिहिताना कुणी शहाणपणाचा आव आणलेला नसतो. अचिव्हमेंटचे, म्हणजे टप्पे गाठल्यावर गेम देतो त्या बिल्ल्यांचे, आकडेही बघ. कुलपाच्या आधीची कितीजणांनी मिळवली आणि कुलपानंतरची किती? मधले जे गळाले त्यांनी रिव्ह्यू लिहिलेला नाही. ते नुसते निघून गेले.

रॉन गिल्बर्टने १९८९ मध्ये, म्हणजे मंकी आयलंड हा त्याचा गेम यायच्या आदल्या वर्षी, ॲडव्हेंचर गेम कुठे चुकतात यावर एक लेख लिहिला होता. त्यातली एक गोष्ट तुझ्या कंदिलाला चपखल बसते. अडचण आधी दिसावी, तिचा उपाय नंतर सापडावा. तुझ्याकडे कंदील पहिल्याच दृश्यात खिशात जातो आणि कुलूप तासाभराने दिसतं. तोवर खेळणाऱ्याच्या इन्व्हेंटरीत (जमवलेल्या वस्तूंच्या पिशवीत) अकरा वस्तू साठलेल्या असतात, आणि मग तो विचार करायचं सोडून एकेक वस्तू कुलपावर घासत सुटतो. साखळी आणि कुलूप सुरुवातीला लांबून का होईना एकदा दाखव.

हिंटचं, म्हणजे अडलेल्याला द्यायच्या इशाऱ्याचं, थोडक्यात. मशिनेरियम या गेममध्ये (२००९) उत्तरांची वही आहे, पण ती उघडायला एक मुद्दाम कंटाळवाणा छोटा खेळ खेळावा लागतो. थिम्बलवीड पार्कमध्ये (२०१७) गेममधल्याच फोनवरून हिंट विचारता येते, आणि ही सोय गेम आल्यानंतर जोडली गेली. दोन्हीकडे मदत गेमच्या आतच मिळते. वॉकथ्रू, म्हणजे कुणीतरी लिहून ठेवलेली उत्तरं, शोधायला बाहेर गेलेला माणूस परत येतो तेव्हा कोडी सोडवायच्या मनःस्थितीत नसतो.

आता 'कोडी सोपी करायची' हे तुझं कलम. ब्रोकन एज या गेमची हकीकत तुला ठाऊक असेल. २०१२ मध्ये किकस्टार्टरवर, म्हणजे लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करायच्या साइटवर, ४ लाख डॉलर मागितले, ३३ लाखांवर मिळाले, तरी पैसे अपुरे पडले आणि गेम दोन तुकड्यांत आला. पहिला तुकडा जानेवारी २०१४ मध्ये आला. दिसायला देखणा, पण कोडी फार सोपी, अशी ओरड झाली. एप्रिल २०१५ च्या दुसऱ्या तुकड्यात कोडी चांगलीच अवघड झाली. काही तर अशी की उत्तराची माहिती एका पात्राने पाहिलेली आणि वापरायची दुसऱ्याने, जे त्याला कळायचा मार्गच नाही. मग ओरड उलटी झाली. मला यात गंमत वाटते ती ही, की दोन्ही वेळा ओरडणारे तेच लोक असतील असं नाही. पहिल्या वेळी ज्यांना नेमकं जमलं होतं ते गप्प होते. दुसऱ्या वेळी तेच बोलले. कुलूप दुरुस्त कर, पण सगळ्या गेमची काठिण्यपातळी एका कुलपावरून ठरवू नकोस.

नावाड्याबद्दल. लोकांना तो आवडला कारण तो चार वाक्यं बोलतो आणि धुक्यात निघून जातो. त्याला परत आणलंस तर तो पाचवं वाक्य बोलणार. तुझ्याकडे ते आहे का? पत्रात दिसलं नाही. एकाने नुसतं लिहिलंय, 'नावाडी कुठे गेला?' ही तक्रार समजू नकोस. माझ्या कुठल्याही पात्राबद्दल आजवर कुणी असं विचारलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला तुझा किंचित हेवा वाटला.

आणि शेवट ओळखला म्हणून बदलायचा? तू पहिल्या भागात खुणा पेरल्यास, दोघातिघांनी त्या वेचल्या. बदललास तर त्या खुणा खोट्या ठरतील, आणि ज्यांनी सगळ्यात बारकाईने गेम खेळला त्यांचीच फसवणूक होईल. बाकीच्यांना तर कळलेलंच नाही. राहू दे.

तीन तासांचं खूळ कुठून आलं तेही माझ्या लक्षात आलंय. कुणीतरी गेम संपवला, स्तुती केली आणि पैसे परत घेतले. २०१५ पासून स्टीमवर, म्हणजे तू गेम विकतेस त्या ऑनलाइन दुकानात, खरेदीनंतर १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर रिफंड मिळतो. दीड तासाचा भाग सुटा विकलास तर तो त्या खिडकीत अलगद बसतो. लागतं मनाला, नाही असं नाही. पण त्यावर उपाय म्हणून नायिकेला लांबलचक पुलावरून सहा वेळा चालायला लावलंस तर रिव्ह्यूत आणखी वाईट वाचशील. सगळे भाग एकाच गेमच्या नावाखाली, एकदाच विकत घ्यायचे अशी सोय करता आली तर हा प्रश्न बराच सुटतो. तोटा एकच. 'अर्धवट गेम' म्हणणारे रिव्ह्यूही मग त्याच पानावर साचतात. तुझे ४३ पैकी ३१ पसंतीचे, म्हणजे ७२ टक्के. आणखी दोन नापसंत पडले की आकडा ७० च्या खाली जाऊन स्टीमवरची पाटी 'मिक्स्ड' (संमिश्र) होईल, आणि तुझी झोप त्या दोघांनी आधीच उडवली आहे. गेम पुरा झाल्यावर यांतले काहीजण आपलं मत बदलतात. सगळे नाही.

'पूर्ण झाल्यावर घेईन' म्हणणाऱ्यांवर तू फार चिडलीस. चिडू नकोस, ते पोळलेले आहेत. २०१८ मध्ये टेलटेलसारखा भागांचे गेम काढणारा नामांकित स्टुडिओ वॉकिंग डेडचा शेवटचा सीझन अर्ध्यावर असताना कोसळला. उरलेले भाग दुसऱ्या कंपनीने पुढच्या वर्षी पुरे केले म्हणून निभावलं. त्या मानाने तुम्ही दोघीच. लोकांनी भरवसा का ठेवावा? तारीख जाहीर करून तो मिळत नाही, उलट चुकलेल्या तारखेने जातो. केंटकी रूट झीरो या गेमचा पहिला अंक जानेवारी २०१३ चा आणि पाचवा जानेवारी २०२० चा. चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये साडेतीन वर्षं गेली. अंकांच्या मधल्या काळात त्याचे कर्ते छोटे फुकट तुकडे सोडत राहिले, त्याच जगातले, चवीपुरते. तुझ्याकडे नावाड्याचं धुकं आहे. त्याला दुसऱ्या भागात कोंबण्यापेक्षा दहा मिनिटांचा असा तुकडा करून बघ, अर्थात पाचवं वाक्य सापडलं तर.

उत्तरं लिहायची असतील तर फक्त बग, म्हणजे गेममधले बिघाड, कळवणाऱ्यांना लिही, आणि सेव्ह फाइल (खेळ कुठवर आला त्याची नोंद) हरवल्याची जी दोन पत्रं आहेत ती आजच हातात घे. पहिल्या भागातली निवड दुसऱ्यात पोचली नाही तर कुणी माफ करत नाही, करूही नये. त्या 'बालिश संवाद' म्हणणाऱ्याला तू रात्री दोन वाजता पाठवलेलं उत्तर काढून टाक. मुद्दे बरोबर होते तुझे. तरी काढ.

कंदिलाचं वाक्य बदललंस की नवी आवृत्ती पाठव. मोठ्या बहिणीला बसवतो खेळायला. तिने आयुष्यात एकही गेम खेळलेला नाही. मी मागे गप्प उभा राहीन. किल्लीच्या वेळी ते मला जमलं नव्हतं, विसाव्या मिनिटाला मी खाकरलो होतो.

तुझा,
जुना खेळगडी