एनआरएफ५२ वर स्वतःची बीएलई सर्व्हिस: एरर ४ आणि भलताच दिसणारा यूयूआयडी

प्रश्न थोडक्यात असा: नॉर्डिकची एनआरएफ५२८३२ ही ब्लूटूथ चिप, तिच्यासाठीचा कोड-संच एसडीके १७, आणि ब्लूटूथचं काम सांभाळणारं नॉर्डिकचं तयार सॉफ्टवेअर, सॉफ्टडिव्हाइस एस१३२. तापमान पाठवणारी स्वतःची बीएलई (कमी वीज खाणारं ब्लूटूथ) सर्व्हिस, म्हणजे माहितीचा एक गट, जोडली की एरर ४ येतो. तोच कोड दुसऱ्या नमुना प्रोजेक्टमध्ये टाकला तर एरर जातो, पण मोबाइलवर यूयूआयडी (सर्व्हिसची १२८ बिटांची ओळख) भलताच दिसतो. या दोन वेगळ्या चुका आहेत, एकत्र शोधायला जाऊ नका.

आधी एरर ४. हा 'जागा नाही' असं सांगणारा कोड. एसडी_बीएलई_यूयूआयडी_व्हीएस_ॲड हे फंक्शन तुमचा १२८ बिटांचा बेस (ज्यावरून तुमचे सगळे यूयूआयडी बनतात तो मूळ आकडा) सॉफ्टडिव्हाइसच्या तक्त्यात नोंदवतं, आणि त्या तक्त्यात किती जागा ठेवायच्या ते एसडीके_कॉन्फिग फाइलमधल्या एनआरएफ_एसडीएच_बीएलई_व्हीएस_यूयूआयडी_काउंट वर ठरतं. नुसत्या स्टँडर्ड सर्व्हिस असलेल्या प्रोजेक्टमध्ये तो ० असतो. यूआर्टच्या नमुन्यात, म्हणजे तुमच्या त्या दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये, १. म्हणून तिकडे कोड चालला. काउंट १ करा.

इथे बरेच जण फसतात, कारण काउंट वाढवल्यावर पुन्हा ४ च येतो. आकडा तोच, पण जागा दुसरी. आता तो एनआरएफ_एसडीएच_बीएलई_एनेबल मधून येतोय. नोंदवलेल्या प्रत्येक बेसला सॉफ्टडिव्हाइस आणखी रॅम मागतं, आणि तुमच्या ॲप्लिकेशनची रॅम अजून जुन्याच पत्त्यावरून सुरू होते. लॉग चालू ठेवलात तर रॅमची सुरुवात कुठून कुठे सरकवायची ते दोन्ही पत्ते तिथे छापून येतात. तो पत्ता जसाच्या तसा लिंकर फाइलमध्ये (मेमरीत काय कुठे बसेल ते ठरवणारी फाइल) टाका, आणि जितकी सुरुवात पुढे सरकली तितकीच रॅमची लांबी कमी करा. ही दुसरी अर्धी गोष्ट विसरली तर स्टॅक ६४ केबीच्या पलीकडे जातो आणि बोर्ड सुरू होताच कोसळतो. आणि हो, डीबग मॅक्रो लावूनच बिल्ड करा. तो नसेल तर एरर आल्यावर बोर्ड गुपचूप रिसेट होत राहतो आणि मोबाइलवर डिव्हाइस दिसतच नाही.

आता यूयूआयडी. समजा तुमचा आहे ७२५९१४००-३६८२-४९१७-८३०५-१९४६२७५०८३९१ (हा वापरू नका, यूयूआयडीजेन चालवून स्वतःचा काढा). बीएलईमध्ये धाकटा बाइट आधी जातो, त्यामुळे सीमधला ॲरे शेवटाकडून भरायचा: ९१, ८३, ५०, २७, ४६, १९, ०५, ८३, १७, ४९, ८२, ३६, ००, १४, ५९, ७२. शून्यापासून मोजलं तर १२ आणि १३ व्या जागेवर ०० आणि १४ आहेत. तिथे काहीही लिहिलंत तरी सॉफ्टडिव्हाइस ते बघत नाही. सर्व्हिस जोडताना दिलेला १६ बिटांचा आकडा तिथे बसवतं. म्हणून सर्व्हिसला हेक्स १४००, तापमानाच्या कॅरेक्टरिस्टिकला (सर्व्हिसमधलं एक मूल्य) १४०१, सेटिंगला १४०२ असं एकाच बेसवर सगळं भागतं. तक्त्यातली जागा एकच लागते.

प्रत्येक बाइटपुढे शून्य-एक्स (हेक्सची खूण) लावलाय ना, ते तपासा. वरच्यासारखा निव्वळ अंकांचा यूयूआयडी असेल तर कंपायलर हूं की चूं करत नाही आणि ८३ चा दशमान ८३, म्हणजे हेक्स ५३, होऊन बसतो.

व्हीएस_ॲड कडून परत आलेला टाइप (तुमचा बेस तक्त्यात कुठे आहे ते सांगणारा आकडा) जपून ठेवा आणि सर्व्हिस, कॅरेक्टरिस्टिक, ॲडव्हर्टायझिंग (बोर्ड 'मी इथे आहे' असं पुकारतो ते) तिन्हीकडे तोच द्या. नमुना कोडमध्ये ॲडव्हर्टायझिंगच्या यादीत तो थेट २ लिहिलेला असतो. उद्या तुमच्या आधी डीएफयूने (फर्मवेअर अपडेट करणारी सर्व्हिस) स्वतःचा बेस नोंदवला की तुमचा टाइप ३ होतो आणि ॲडव्हर्टायझिंगमध्ये दुसऱ्याचाच बेस जातो. शिवाय सर्व्हिस आधी, ॲडव्हर्टायझिंग नंतर हा क्रम पाळा. बेस न नोंदवता सर्व्हिस जोडली तर एरर ७ मिळतो.

ॲडव्हर्टायझिंगचं पाकीट ३१ बाइटचं. फ्लॅग्जचे ३ आणि यूयूआयडीचे १८ गेले की १० उरतात. त्यातले २ हेडरचे, म्हणजे नावाला ८ अक्षरं. नाव लांब असेल तर यूयूआयडी स्कॅन रिस्पॉन्समध्ये (फोनने विचारल्यावर जाणारं दुसरं पाकीट) टाका.

हे सगळं करूनही मोबाइलवर जुनीच सर्व्हिस दिसली तर कोडला हात लावू नका. फोन सर्व्हिसची यादी साठवून ठेवतो. ब्लूटूथ बंद-चालू करा, अँड्रॉइडवर एनआरएफ कनेक्ट ॲपमध्ये सर्व्हिस रिफ्रेश करा. तिथे 'अननोन सर्व्हिस' लिहून येणं ही चूक नाही, तुमच्या यूयूआयडीचं नाव त्या ॲपला माहीतच नसतं.

तापमान नोटिफाय करताना एरर ८ आला तर बहुतेक फोनने सीसीसीडी (नोटिफिकेशन हवंय हे सांगणारा स्विच) चालू केलेला नाही. १९ आला तर पाठवण्याची रांग भरलीये. टीएक्स कम्प्लीटचा (पाठवून झालं हे सांगणारा) इव्हेंट येईपर्यंत थांबा.

प्रोजेक्ट नवाच असेल तर मी झेफिरवर (छोट्या चिपसाठीची ऑपरेटिंग सिस्टीम) जायला सांगेन. तिथे बीटी_यूयूआयडी_१२८_एनकोड ला पाच तुकडे सरळ क्रमाने देता येतात, उलटापालट तोच करतो.