वाचकांचे प्रश्न : पुळणीलगतच्या जागेतील रान काढण्यापूर्वी

प्रश्न : दापोली तालुक्यात समुद्रकिनारी आमची २२ गुंठे वडिलोपार्जित जागा आहे. तिची पश्चिमेची हद्द पुळणीला लागते आणि दक्षिणेला खाडीचा एक लहान फाटा आहे. आजोबांचे घर पडून बरीच वर्षे झाली. आता केवडा, निर्गुंडी, घाणेरी आणि वेली इतक्या माजल्या आहेत की आत पाऊल टाकता येत नाही. निवृत्तीनंतर तेथे लहानसे घर बांधण्याचा आम्हा उभयतांचा विचार आहे. गावातील ठेकेदार म्हणतात की, जेसीबी लावून दोन दिवसांत सगळी जागा सपाट करून देतो, मोजणी आणि परवानग्या मागाहून बघता येतील. मे महिन्यात हे काम उरकून घ्यावे का?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : जेसीबी आत घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ठेकेदारांनी जो क्रम सांगितला आहे, तो नेमका उलटा करावा लागेल.

आपल्या पत्रातील आकड्यांवरूनच सुरुवात करू. २२ गुंठे म्हणजे सुमारे २२२६ चौरस मीटर. जागेची रुंदी २५ मीटर धरली, तरी समुद्रापासून आत तिची लांबी ९० मीटरच्या आसपासच भरते. किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांनुसार कोकणातील विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंतचा पट्टा ना-विकास क्षेत्र असतो, म्हणजे आपली संपूर्ण जागा त्यातच असण्याचा मोठा संभव आहे. या पट्ट्यात शेती आणि बागायत करता येते. नवीन घर मात्र सहसा बांधता येत नाही. येथे भरतीरेषा म्हणजे आपल्याला वाळूवर दिसणारी ओली रेघ नव्हे, तर अधिकृत संस्थेने आखून नकाशावर दाखवलेली रेषा. ती आपल्या गट क्रमांकावर कोठे पडते, हे १:४००० प्रमाणाच्या नकाशावर पाहून घेतल्याशिवाय घराचा आराखडा काढण्यातही अर्थ नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे उत्तर विस्ताराने लिहीत आहे, ती सांगतो. ना-विकास क्षेत्रात पूर्वीपासून असलेल्या अधिकृत बांधकामाची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी, मूळ जोत्याचे क्षेत्रफळ आणि मूळ चटईक्षेत्र (सर्व मजल्यांचे मिळून बांधकाम) न ओलांडता, करण्याची तरतूद नियमांत आहे. आपल्या आजोबांच्या घराचे जोते त्या रानाखाली असेलच. कदाचित विहीर आणि हद्दीचा जांभ्याचा गडगाही (दगडी कुंपण) असेल. पडलेल्या घराला ही तरतूद लागू होईल की नाही, हे सक्षम प्राधिकरण कागदपत्रे आणि प्रत्यक्ष जागा पाहून ठरवील. परंतु जेसीबीच्या फाळाने चिरे एकदा उखडले गेले, की दाखवायला काहीच उरणार नाही. तेव्हा प्रथम ग्रामपंचायतीतून घराचा नमुना ८ चा (घरपट्टी आकारणीच्या नोंदीचा) जुना उतारा मिळवावा, सात-बारा आणि फेरफार पाहावेत, खाते सामाईक असल्यास भाऊबंदांची लेखी संमती घ्यावी आणि मग भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करावा.

मोजणीसाठी सगळी जागा उघडी करावी लागत नाही. हद्दीच्या कडेने दोन-तीन फूट रुंदीची वाट आणि जोत्यापर्यंत जाणारी एक पायवाट पुरेशी होते, आणि बागा बेणणारे गावातील अनुभवी गडी ती कोयत्याने काढून देतात. या भागात फुरसे आणि घोणस दोन्ही आढळतात. त्यामुळे गुडघ्यापर्यंतचे बूट घालावेत, काठीने पुढचे झुडूप हलवावे आणि गडग्याच्या फटीत हात घालू नये.

खाडीच्या बाजूस मात्र कोयताही लावू नये. चिखलात उभी असलेली तिवर, कांदळ, चिप्पी ही कांदळवनातील झाडे खासगी जागेत असली तरी तोडता येत नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली कांदळवनतोडीवर राज्यभर बंदी घातली असून कांदळवनाभोवतीच्या ५० मीटरच्या पट्ट्यातही बांधकाम करण्यास मनाई केली आहे. उरलेल्या जागेत आंबा, फणस, ऐन, किंजळ किंवा खैर निघाल्यास तेही १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत येतात आणि तोडण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते.

पुळणीकडील केवडा, उंडी आणि मर्यादवेल यांनाही कृपया हात लावू नये. त्यांच्या मुळांनी वाळू धरून ठेवली आहे. मे महिन्यात ती उपटली, तर तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि उधाणाच्या लाटा त्या उघड्या वाळूवर येतील. खारा वाराही तेथेच अडतो. तो पट्टा गेला तर घराच्या खिडक्यांचे गज आणि स्लॅबमधील सळ्या लवकर गंजतात. घाणेरी आणि रानमोडी ही बाहेरून आलेली झुडपे आहेत, ती खुशाल काढावीत, पण पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, आणि हातानेच. तोपर्यंतचे महिने कागदपत्रांसाठी वापरावेत.

प्रश्न : रत्नागिरीजवळ सड्यावरील (जांभ्या खडकाच्या पठारावरील) आमच्या जागेतील वाळलेले गवत आणि झुडपे पेटवून दिली, तर मजुरी वाचेल. त्यात काही गैर आहे का?
— एक वाचक, औंध, पुणे

उत्तर : होय. सड्यावर वारा कधी फिरेल हे सांगता येत नाही, आणि वाळल्या गवताचा वणवा बघता बघता शेजारच्या हापूसच्या बागेत शिरतो. तेथील कलमे वाढायला लागलेली वर्षे कोणतीही भरपाई परत देऊ शकत नाही. शिवाय जांभ्यावर मातीचा थर मुळातच पातळ असतो, तो उघडा पडला की पहिल्या पावसात वाहून जातो. ग्रासकटरने गवत कापून घ्यावे आणि ते कलमांच्या बुंध्याभोवती, खोडाला न टेकवता, आच्छादन म्हणून पसरावे.